पाण्याच्या टांकीची खोटी साक्ष

ज्या वस्तूचें माप डोळ्यांस सहज दिसत नाहीं, तिचें माप सांगण्यासाठीं मनुष्यानें यंत्रें निर्माण केलीं. तापमापक ज्वर सांगतो, घड्याळ वेळ सांगतें, आणि मोटारींतील कांटा पेट्रोल किती उरलें तें सांगतो. या यंत्रांवर आपला इतका भरंवसा बसलेला असतो, कीं त्यांचें म्हणणें खरें आहे कीं नाहीं हें तपासून पाहावें, असें आपल्या मनांतहि येत नाहीं. हा भरंवसा एके दिवशीं कसा नडला, आणि खोटें बोलणारें एक लहानसें यंत्र आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या साह्यानें पुन्हा खरें कसें बोलूं लागलें, ही हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावयाची आहे.

गेल्या वैशाखांत माझा मावसभाऊ आपली वृद्ध आई, पत्नी व दोन मुलें यांसह नाशिकहून नागपुरास निघाला होता. त्याचें वाहन म्हणजे जिला मोटारहोम किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात तशी गाडी. निजण्याच्या फळ्या, लहानशी शेगडी, भांडीं धुण्याचें सिंक आणि पाण्याची टांकी हें सर्व अशा गाडीच्या पोटांतच बसविलेलें असतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसें हें बिऱ्हाड चाकांवर! महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनाविषयीं धोरण ठरविलें, आणि आतां त्या आपल्याकडील रस्त्यांवरहि अधूनमधून दृष्टीस पडतात.

गाडींतील टांकी शंभर लिटरांची. ती बाकाखालीं झांकलेली असल्यामुळें आंत पाणी किती आहे हें कळण्यासाठीं भिंतीवर चार दिव्यांची एक पाटी लावलेली होती. कळ दाबली असतां टांकी जितकी भरलेली असेल त्या मानानें दिवे लागावे, अशी योजना. भुसावळास भावानें कळ दाबली. तीन दिवे लागले. टांकी पाऊण भरली आहे आणि मलकापूर कांहीं फार दूर नाहीं, असा विचार करून त्यानें तेथें पाणी भरलें नाहीं. मुक्ताईनगर सोडल्यावर पुढें एक मालमोटार रस्त्यांत आडवी झाली होती, त्यामुळें राष्ट्रीय महामार्गावर वाहनांची लांबच लांब रांग लागली. बाटल्यांतील पाणी मुलांनीं केव्हांच संपविलें होतें. मावशीला पाणी देण्यासाठीं नळ उघडला, तों दोन घोटांपुरतें पाणी आलें आणि मग नुसती हवा सुसूं लागली.

त्या रांगेंत त्यांचे दोन तास गेले. मावशी आमच्या दारांत उतरली तेव्हां तिला चक्कर येत होती. मीठसाखरेचें पाणी, ओलें फडकें आणि विश्रांति यांनीं संध्याकाळपर्यंत तिला बरें वाटूं लागलें. परंतु तिचें वय ऐंशीच्या घरांत आहे, आणि वऱ्हाडांतील वैशाखाचें ऊन कोणाची गय करीत नाहीं. रात्रीं मी गाडींत जाऊन ती कळ दाबून पाहिली. टांकी कोरडी पडलेली, आणि तीन दिवे डौलानें जळत होते!

एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थानें दूरध्वनीवरून सल्ला दिला, कीं सर्व संच बदलावा लागेल व तो मागवून घेण्यास आठ दिवस लागतील. भावास इतके दिवस थांबणें शक्य नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, सुटी असतांहि गांवांतच असलेल्या नववीच्या चार विद्यार्थ्यांना मीं बोलावून घेतलें आणि म्हटलें, "नवें विकत आणण्यापूर्वीं जुनें नेमकें कोठें बिघडलें आहे तें शोधूं या." आमच्याजवळ साधनें थोडींच होतीं: एक मल्टिमीटर, एक पाना, तारेचा तुकडा, दहा लिटरांची बादली आणि पोलादी मोजपट्टी.

प्रथम या यंत्राची रचना पाहूं. टांकीच्या प्लास्टिकच्या बाजूंतून गंज न चढणाऱ्या पोलादाचे पांच स्क्रू आरपार बसविलेले होते. त्यांपैकीं एक अगदीं तळाशीं. बाकीचे चार पाव, अर्धी, पाऊण व पूर्ण अशा चार उंचींवर. प्रत्येक स्क्रूच्या बाहेरील टोंकास एक तार जोडून ती पाटीपर्यंत नेलेली होती. या स्क्रूंनाच येथें सेन्सर, म्हणजे पाण्याची वर्दी देणारे पहारेकरी, म्हणावयाचें. प्लास्टिकमधून वीज वाहत नाहीं. परंतु नेहमींच्या पाण्यांत क्षार विरघळलेले असल्यामुळें त्यांतून ती थोडीफार वाहते. पाणी पाव उंचीच्या स्क्रूपर्यंत चढलें, कीं तळचा स्क्रू व तो स्क्रू यांमध्यें पाण्याचा पूल बांधला जातो, बारा व्होल्टच्या बॅटरीपासून अत्यल्प प्रवाह त्या पुलावरून जातो, आणि पहिला दिवा लागतो. पाणी जसें वर चढेल तसे पुढचे दिवे लागतात. म्हणजे पाटीला पाणी दिसत नाहीं. तिला फक्त एवढेंच कळतें, कीं दोन स्क्रूंच्या मध्यें विजेला वाट आहे. ही वाट पाण्यानें करून दिली कीं दुसऱ्या कशानें, हें ओळखण्याची बुद्धि त्या पाटीला नाहीं. सर्व घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

आमची पहिली पायरी म्हणजे खरी स्थिति पाहणें. गाडी सपाट जागीं उभी केली. कारण गाडी कलती असेल तर पाणीहि एका बाजूस जाऊन पातळी चुकीची दिसते. टांकीच्या माथ्यावरील झांकण उघडून मोजपट्टी बुडविली, तों तळाशीं जेमतेम दोन बोटें पाणी. म्हणजे तळचा स्क्रू तेवढा बुडालेला, बाकीचे चारहि पाण्याबाहेर. आतां दोष कोठें आहे यासंबंधानें तीनच शक्यता उरल्या: पाटींत, तारांत, किंवा टांकींत.

दुसरी पायरी या तिघांपैकीं अपराधी निवडून काढण्याची. बॅटरीची एक तार सोडवून वीज बंद केली आणि चारहि वरच्या स्क्रूंवरील तारा काढून मोकळ्या ठेवल्या. मग बॅटरी पुन्हा जोडून कळ दाबली. एकहि दिवा लागला नाहीं. तारा एकमेकींस कोठें चिकटल्या असत्या, किंवा पाटीच आंतून बिघडली असती, तर दिवे तसेच जळत राहिले असते. त्यानंतर उलट परीक्षा घेतली. गाडीसोबतच्या पुस्तिकेंतील आकृति पाहून, तळच्या स्क्रूची तार एकेका मोकळ्या तारेस क्षणभर टेकविली. जें काम पाणी करतें तेंच तारेच्या तुकड्यानें करून दाखविलें. चारहि दिवे क्रमानें लागले. पाटी व तारा यांची अशी निर्दोष सुटका झाली, आणि संशय एकट्या टांकीवर येऊन थांबला.

तिसऱ्या पायरीला मल्टिमीटर लागला. विजेच्या वाटेंत जो अडथळा येतो त्यास रोध म्हणतात, आणि तो ओहम या मापानें मोजतात. जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकानें आपला नियम १८२७ सालीं प्रसिद्ध केला. तोही शाळेंत शिकविणारा होता, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तारा सोडविलेल्या स्थितींत तळचा स्क्रू व पाऊण उंचीचा स्क्रू यांमधील रोध मोजला. तो वास्तविक इतका मोठा यावयास हवा होता, कीं मल्टिमीटरला तो वाचतांच येऊं नये. प्रत्यक्षांत तो सुमारें चाळीस हजार ओहम भरला. विद्यार्थ्यांनीं लगेच हिशेब केला: बारा व्होल्टला चाळीस हजारांनीं भागलें असतां अँपिअरचे दहा हजारांश भाग तीन येतात. प्रवाह किती क्षुद्र! परंतु पाटी मुळीं अशाच क्षुद्र प्रवाहाची दखल घेण्यासाठीं बनविलेली असल्यामुळें तेवढ्यानेंच ती फसत होती.

पण कोरड्या टांकींत ही वाट आली कोठून? विजेरीच्या उजेडांत आंत पाहिलें, तों स्क्रूंच्या डोक्यांपासून खालपर्यंत एक पांढुरका, बुळबुळीत थर पसरलेला दिसला. भावास विचारतां त्यानें सांगितलें, कीं मागच्या हिवाळ्यांत शेगांवाहून अकोटाकडे जातांना व नंतरहि त्यानें वाटेवरच्या कूपनलिकांचें पाणी अनेकदां भरलें होतें. मग उलगडा झाला. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा आपल्या मुलखांत सर्वांस ठाऊक आहे. तेथील भूजलांत क्षारांचें प्रमाण अधिक. पाणी उतरत गेलें, कीं टांकीच्या बाजूंवर क्षारांचा लेप राहतो, आणि त्यांतील कांहीं क्षार हवेंतील दमट अंश शोषून स्वतःस ओलसर ठेवतात. ओला क्षार विजेला चांगला वाहक. पाणी निघून गेलें तरी त्यानें आपला पूल मागें ठेवला होता, आणि पाटी त्या पुलालाच पाणी समजत होती. पूर्ण उंचीच्या स्क्रूपर्यंत हा थर पोंचला नव्हता, म्हणून चौथा दिवा तेवढा खरें बोलत होता.

दोष सांपडल्यावर उपाय सोपा होता. वीज पुन्हा बंद केली, आणि उरलेलें पाणी काढून टाकलें. कोमट पाण्यांत लिंबूसत्त्व विरघळवून त्यांत भिजविलेल्या फडक्यानें व मऊ ब्रशानें आंतील बाजू आणि प्रत्येक स्क्रूचें डोकें घांसलें, व स्वच्छ पाण्यानें तीन वेळां धुतलें. तारेची घांसणी मुद्दामच वापरली नाहीं. तिनें प्लास्टिकवर ओरखडे पडतात, आणि ओरखड्यांत क्षार व घाण अधिकच धरून बसते. येथें एक गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. लिंबूसत्त्व, शिरका किंवा दुसरें कोणतेंहि आम्ल ब्लीचिंग पावडरबरोबर कधींहि मिसळूं नये. त्यापासून क्लोरीन नांवाचा विषारी वायु निघतो, आणि बंद गाडींत तो प्राणावर बेततो.

टांकी पुसून कोरडी केल्यावर रोध मोजला, तेव्हां मल्टिमीटरला तो वाचतां आला नाहीं. आम्हांस हवें होतें तें हेंच. तारा जोडून कळ दाबली. सर्व दिवे विझलेले. मुलें टाळ्या पिटूं लागलीं. परंतु रिकाम्या टांकीला रिकामी म्हणतां येणें ही अर्धीच परीक्षा. भरल्या टांकीला ती भरली म्हणते कीं नाहीं, हें पाहिल्याखेरीज काम पुरें झालें असें म्हणतां येत नाहीं. म्हणून दहा लिटरांच्या बादलीनें मोजून पाणी ओतूं लागलों. तिसरी बादली संपण्यापूर्वीं पहिला दिवा लागला. पांच बादल्या झाल्यावर दुसरा दिवा लागावा, तों त्याच्या जागीं तिसराच लागला! दुसरा काळाच. मी क्षणभर गोंधळलों, आणि पाटीलाच दोष देण्याच्या बेतांत होतों. इतक्यांत विद्यार्थ्यांपैकीं सर्वांत अबोल असलेला मुलगा हळूच म्हणाला, "सर, दोन तारांची अदलाबदल तर झाली नसेल?" तसेंच होतें. घाईघाईनें तारा जोडतांना अर्ध्याची तार पाऊण स्क्रूला व पाऊणची अर्ध्याला मींच लावली होती. तारा सोडवितांना प्रत्येकीस खुणेचा दोरा बांधावा, हा साधा नियम मीं मुलांना सांगितला होता आणि स्वतः पाळला नव्हता. तारा अदलून घेतल्यावर चारहि दिवे आपापल्या वेळीं लागले. नव्या संचाची गरज उरली नाहीं. सर्व खर्च काय तो लिंबूसत्त्वाच्या पुडीचा.

याच जातीच्या सेन्सरांत याच्या उलट दोषहि होतो, म्हणजे टांकी भरलेली असतां ती रिकामी दिसते. तळच्या स्क्रूची तार तुटली किंवा तिच्या जोडावर हिरवा गंज चढला, तर एकहि दिवा लागत नाहीं. कारण त्या एका तारेवरच चौघांची मदार असते. एकच दिवा लागत नसेल तर त्या एकाच स्क्रूचा जोड पाहावा. स्क्रूवर चुनखडीचा जाड, कोरडा पापुद्रा धरला तर तो विजेला अडवितो. एक मौजेचें कारण असें, कीं क्षार बहुतेक काढून टाकलेलें, जारमध्यें विकत मिळणारें आर. ओ. पाणी भरलें, तर तें विजेला इतकें मंद वाहक असतें, कीं कांहीं पाट्यांना त्याचें अस्तित्वच कळत नाहीं. शिवाय एकाच दिशेचा प्रवाह पाण्यांतून सतत वाहत राहिला, तर विद्युद्विच्छेदनानें स्क्रू झिजतात. या विच्छेदनाचे नियम मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानें शोधून काढले व १८३४ च्या सुमारास जगापुढें मांडले. हा थोर पुरुष लोहाराचा मुलगा होता आणि जन्मभर भाविक ख्रिस्ती राहिला. म्हणूनच चांगल्या पाटीवर दिवे सतत न जळतां कळ दाबल्यावरच लागतात.

दुसऱ्या जातीच्या सेन्सरांत तरंगता गोळा असतो. एका उभ्या दांड्याभोंवतीं तो पाण्याबरोबर वरखालीं सरकतो. गोळ्यांत लोहचुंबक असतो, आणि दांड्याच्या पोटांत कांचेच्या बारीक नळ्यांमध्यें बंद केलेल्या लोखंडी पात्यांच्या जोड्या असतात. चुंबक जवळ आला, कीं त्या जागच्या पात्या एकमेकींस चिकटतात व रोध बदलतो. अमेरिकी पद्धतीच्या सेन्सरांत टांकी रिकामी असतां २४० ओहम व भरली असतां ३३ ओहम रोध असतो. युरोपीय पद्धतींत उलट, रिकामी असतां जवळजवळ शून्य व भरली असतां १८० ते १९० ओहमपर्यंत. एका पद्धतीच्या सेन्सरला दुसऱ्या पद्धतीची पाटी जोडली, कीं ती नेमकें विपरीत सांगते. या जातींत मुख्य दोष म्हणजे क्षारांच्या थरामुळें गोळा एके जागीं अडकून बसणें. तो हातानें वरखालीं करून पाहावा. रोध पायरीपायरीनें बदलत असेल तर आंतील पात्या ठीक आहेत, आणि केवळ धुण्यानेंच काम भागेल. आपल्या घरांच्या गच्चीवरील टांक्यांत पंप आपोआप बंद करण्यासाठीं याच दोन जातींचीं साधनें बसविलेलीं असतात. तेव्हां ही माहिती केवळ मोटारींतून हिंडणाऱ्यांच्याच उपयोगाची आहे असें नाहीं.

पातळी सांगणारें यंत्र खोटें बोललें तर काय होतें, याचा अनुभव जगानें मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. इंग्लंडांत बन्सफील्ड येथें ११ डिसेंबर २००५ रोजीं, रविवारच्या पहांटे, एका प्रचंड टांकींत नळावाटे पेट्रोल भरलें जात होतें. पातळी दाखविणारा कांटा एके जागीं अडकला. टांकी भरत होती आणि कांटा हालत नव्हता. अतिभरणाच्या वेळीं प्रवाह तोडणारी वेगळी कळहि चालली नाहीं. टांकी ओसंडून वाहिली, वाफेचा ढग पसरला, आणि भयंकर स्फोट झाला. सुट्टीची पहांट असल्यामुळें प्राणहानि झाली नाहीं, तरी ४३ माणसें जखमी झालीं.

याउलट एक उदाहरण आपल्या दारांतलें आहे. १८६७ सालीं नागपुरापर्यंत पोंचलेल्या ज्या लोहमार्गावर आपलें मलकापूर स्थानक आहे, त्या मार्गावर कित्येक दशकें वाफेचीं एंजिनें धांवलीं. बॉयलरमधील पाणी फार उतरलें तर भट्टीचा माथा तापून फुटण्याचें भय असे. पाण्याची पातळी एका कांचनळींत दिसे. परंतु एंजिन चालविणारे त्या नळीवर आंधळेपणानें विसंबून राहात नसत. नळीच्या तोट्या उघडून व मिटून, पाणी खरोखर हालतें कीं नाहीं, हें ते पाहात. आणि पडताळ्यासाठीं एंजिनावर बहुधा दुसरी कांचनळी किंवा निरनिराळ्या उंचींवरील परीक्षेच्या तोट्या असत. साक्षीदारावर त्यांचा विश्वास होता, पण त्याची उलटतपासणी ते रोज घेत.

आमच्या टांकीचें काम संपल्यावर मावशीला बोलावून दिवे दाखविले. तिनें ते कौतुकानें पाहिले आणि मग टांकीवर बोटानें खालून वरपर्यंत टिचक्या मारल्या. जेथें आवाज बदलला तेथें बोट ठेवून ती म्हणाली, "पाणी एथवर आहे. आम्ही रांजणाचें पाणी असेंच ओळखीत असूं." तिचें बोट पाऊण उंचीच्या स्क्रूपासून दोन अंगुळांवर होतें! निघतांना भावानें एका स्वच्छ पोलादी पट्टीवर दर दहा लिटरांची खूण करून घेतली, आणि रोज सकाळीं निघण्यापूर्वीं ती बुडवून दिव्यांशीं ताडून पाहावयाचें ठरविलें.

खोटी साक्ष देऊं नये, हें दहा आज्ञांपैकीं एका आज्ञेंत आपण लहानपणापासून शिकतों. बिचाऱ्या यंत्राला पाप नाहीं आणि पुण्यहि नाहीं. तें लबाडी करीत नाहीं, तें फसतें. परंतु त्याच्या साक्षीवर विसंबून जो दुसऱ्यांना आपल्या गाडींत बसवितो, त्याच्यावर ती साक्ष पारखून घेण्याची जबाबदारी आहे. विद्यार्थिमित्रहो, कोणतेंहि यंत्र बिघडलें असतां प्रथम खरी स्थिति डोळ्यांनीं पाहा, मग एकेका भागाची परीक्षा घेऊन निर्दोष भाग बाजूस काढा, आणि दुरुस्तीनंतर दोन्ही बाजूंनीं पडताळा घ्या. तसें करतांना आपल्याच हातून चूक झाली आहे असें कोणी लहानानें दाखविलें, तर तीहि मुकाट्यानें मान्य करा. त्या अबोल मुलानें विचारलें नसतें, तर एका चांगल्या पाटीवर मीं नाहक ठपका ठेवला असता, आणि मावशीचा पुढला प्रवास पुन्हा एका खोट्या दिव्याच्या भरंवशावर झाला असता.